टाकीतल्या पंपाचा प्रवाह वाढवताना: माझा अनुभव

माझ्या माशांच्या लांबट टाकीच्या एका टोकाला पॉवरहेड (पाण्यात बुडवून ठेवायचा, पाणी फिरवणारा छोटा पंप) बसवलेला होता आणि दुसऱ्या टोकाला, मोठ्या दगडाच्या मागे, माशांची विष्ठा आणि उरलेल्या खाद्याचे कण सतत साचत असत. पाणी बदलताना नळीने ती घाण ओढून काढली, तरी थोड्याच दिवसांत तिथे तोच तपकिरी थर पुन्हा धरत असे. पंपाच्या तोंडाशी हात धरला तर धार चांगली जोरकस लागायची, मात्र दगडामागचे पाणी जवळजवळ निश्चल असायचे. मोठा पंप आणणे हा सरळ उपाय होता. परंतु पंप जेवढी वीज घेतो ती अखेर सगळी उष्णता होऊन टाकीच्या पाण्यातच उतरते, आणि माझ्या टाकीचे तापमान उन्हाळ्यात आधीच वरच्या मर्यादेला टेकलेले असते. त्यामुळे आहे त्याच मोटरमधून अधिक पाणी कसे हलवता येईल, याचा मी विचार सुरू केला.

काहीही बदलण्याआधी पंप प्रत्यक्षात किती पाणी देतो हे मोजून घेतले. खोक्यावर छापलेला ताशी लिटरचा आकडा पंपाला नळी जोडलेली नसताना आणि पाणी वर चढवायचे नसतानाचा असतो. माझा पंप स्पंजमधून पाणी ओढून नळीवाटे वर नेत होता. बादली आणि घड्याळ एवढ्यावर हे मोजमाप होते: १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर प्रवाह ताशी ९०० लिटर. नळीचे तोंड टाकीत ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर धरूनच मोजावे, कारण उंची थोडी जरी बदलली तरी अशा छोट्या पंपाचा प्रवाह लक्षणीय बदलतो. माझ्या पंपाचा आकडा छापील आकड्याच्या निम्म्याच्याही खाली होता.

मग पंप उघडला. प्लग काढल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही आणि मोटरच्या गुंडाळ्या ज्या इपॉक्सीत (कडक होणाऱ्या राळेत) बंद केलेल्या असतात तो भाग कापायचा, कोरायचा किंवा उघडायचा नाही, हे दोन नियम मी शेवटपर्यंत पाळले. पुढचे झाकण फिरवून काढले आणि इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) बाहेर ओढला. तो सहजी येत नाही, कारण त्याच्या मागचे दंडगोल चुंबक आतल्या लोखंडी गाभ्याला ओढलेले असते. चुंबकाभोवती काळपट बुळबुळीत थर होता आणि ज्या बारीक सिरॅमिक दांड्यावर इम्पेलर फिरतो त्याच्यावर पांढरे क्षार चढले होते. दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. त्यांतली एक बहुधा विहिरीसारख्या खोल खाचेच्या तळाशी चिकटून राहते. ती काढून धुतली नाही तर दांडा पुन्हा सरळ बसत नाही आणि पंप घरघरतो. सगळे भाग निम्मे पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले, सकाळी बारीक ब्रशने घासले आणि वाहत्या पाण्याखाली धुतले.

एवढ्याने बादली स्पष्टपणे लवकर भरू लागली. नळी बदलल्यावर आणखी फरक पडला. पाण्याचा प्रवाह तोच ठेवून नळीचा आतला व्यास कमी केला, तर घर्षणामुळे जाणारा दाब साधारण व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे १६ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरची नळी लावली, तर तेवढेच पाणी ढकलायला चौपटीहून अधिक दाब लागतो, आणि छोट्या पंपाकडे तो नसतो. मी बारीक नळीच्या जागी रुंद नळी लावली, तिची लांबी कमी केली आणि दोन काटकोनी एल्बो (नळी वळवणारे जोड) काढून नळीलाच मोठ्या वळणाने फिरवले. ज्यांना पंपात फेरफार करायचाच नाही, त्यांनीही एवढे जरूर करावे. यात कोणताही धोका नाही.

दगडामागचा कोपरा मात्र अजूनही घाणच धरत होता. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, पण बादली काही लवकर भरत नाही; पॉवरहेडचे अरुंद तोंड नेमके हेच करत असते. पाण्याला दिलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे थोडे पाणी फार वेगाने फेकण्यात मोटरची बरीचशी शक्ती खर्च होते. आदर्श स्थितीत हिशोब असा: तोंडाचा व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होते, त्याच शक्तीत वेग सुमारे ३७ टक्के कमी होतो आणि हलणारे पाणी अडीचपट होते. प्रत्यक्षात एवढा लाभ मिळत नाही, तरी दिशा हीच असते. इम्पेलरच्या भोवतीचे बंदिस्त घर काढून त्याच मोटरवर पंखा बसवण्याचा जो प्रकार समुद्री टाक्या ठेवणाऱ्यांत रूढ झाला, त्यामागे हेच गणित आहे. मॅक्सी-जेट १२०० हा पंप त्यासाठी विशेष वापरला गेला, आणि पुढे पंखा बसवता येईल अशी त्याची आवृत्तीही बाजारात आली. पंख्याला पाणी उंच चढवता येत नाही. परंतु टाकीतले पाणी टाकीतच फिरवायचे असेल तर उंचीचा प्रश्नच येत नाही.

मी मूळ इम्पेलरला हात न लावता सुटा मिळणारा जादा इम्पेलर घेतला, त्याची पाती मुळाशी कापली आणि त्या जागी खेळण्यातल्या बोटीचा तीन पात्यांचा प्लास्टिकचा पंखा इपॉक्सीने चिकटवला. पितळी पंखा दिसायला नेटका असला तरी त्यातले तांबे पाण्यात उतरते आणि कोळंबी व गोगलगायींना ते घातक ठरते, म्हणून तो घ्यायचा नाही. चिकटवताना एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. इम्पेलर बोटाने फिरवून पाहिला तर पाती चुंबकाबरोबर लगेच फिरत नाहीत. काही अंशांपर्यंत मोकळी फिरतात आणि मगच चुंबकाला अडकतात. हा ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. या मोटरला सुरुवातीचा जोर फार कमी असतो, म्हणून आधी नुसते चुंबक गती घेते आणि नंतर पात्यांचा भार उचलते. डिंक त्या फटीत उतरला तर पंप सुरूच होत नाही. मी फटीभोवती व्हॅसलीनचा पातळ थर दिला, इपॉक्सी पूर्ण कडक होऊ दिले आणि नंतर व्हॅसलीन साबणाने धुऊन काढले.

पंख्याचा आकार ठरवण्यात सर्वांत अधिक वेळ गेला. ही मोटर विजेच्या वारंवारितेशी जुळवून फिरते: ५० हर्ट्झवर मिनिटाला ३००० फेरे, त्याहून कमीही नाही आणि जास्तही नाही. त्यामुळे पंखा जड झाला तर मोटर हळू फिरत नाही, ती थांबते आणि जागच्या जागी थरथरते. अशा अवस्थेत तिला चालू ठेवले तर गुंडाळी तापते. मी मोठ्या पंख्यापासून सुरुवात करून पात्यांची टोके पॉलिश पेपरने सारखी घासत गेलो आणि दर वेळी प्लग लावून पंप विनासायास सुरू होतो का ते पाहिले, तसेच तो किती वॅट घेतो हे प्लगमध्ये बसणाऱ्या मीटरवर तपासले. तिन्ही पाती सारख्या वजनाची राहावीत म्हणून पंखा बारीक तारेवर आडवा फिरवून पाहिला. दर वेळी एकच पाते खाली येऊन थांबले तर तेच आणखी घासायचे.

या मोटरचा दुसरा स्वभाव असा की ती सुरू होताना कोणत्याही दिशेने फिरू शकते. मूळ इम्पेलरची पाती सरळ असल्याने त्याला दोन्ही दिशा सारख्याच. पंखा मात्र उलटा फिरला की पाणी मागे ओढतो. मी पुढच्या जाळीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची छोटी लवचिक जीभ बसवली आणि पंख्याच्या तुंब्यावर (मधल्या गाभ्यावर) तिरपा दात ठेवला. पंखा योग्य दिशेने फिरला तर दात जिभेवरून घसरून जातो आणि पाण्याच्या रेट्याने पंखा किंचित मागे सरकला की तिच्यापासून सुटतो. उलटा फिरला तर दात अडतो, चुंबक धक्का खाऊन मागे फिरते आणि मोटर योग्य दिशा पकडते. वीज गेल्यावर पंप आपोआप नीट सुरू व्हायला हवा, म्हणून हा भाग मी सर्वांत कसून तपासला.

पंख्याभोवती जाळी हवीच, आणि ती ऐसपैस हवी, म्हणजे जाळीपाशी पाण्याचा ओढा सौम्य राहतो आणि छोटा मासा तिला चिकटत नाही. पंख्याचा उलटा रेटा वाढल्याने रबरी सक्शन कप काचेवरून घसरू लागतात; मी टाकीच्या काठावर अडकणारा प्लास्टिकचा कंस वापरला. वायर सॉकेटपेक्षा खाली झोका देऊन मग वर नेली, जेणेकरून तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच टपकेल. आणि सगळी जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) ठेवली. घरी बदल केलेला पंप अशा संरक्षणाशिवाय टाकीत सोडू नये असे माझे ठाम मत आहे.

पंखा बसवल्यावर बादलीने मोजता येत नाही, म्हणून भिजवलेल्या खाद्याचा चुरा पाण्यात सोडून त्याचा मार्ग पाहिला. कण पुढच्या काचेलगत टाकीच्या टोकापर्यंत गेले, दगडामागून वळले आणि मागच्या काचेने परत पंपाकडे आले. पाठोपाठ कोपऱ्यातला तपकिरी थर विरळ होत गेला आणि घाण फिल्टरच्या स्पंजात येऊ लागली, त्यामुळे स्पंज आता अधिक वेळा धुवावा लागतो. पंपासमोरची वाळू उडून तळ उघडा पडत होता, तो तोंड किंचित वर केल्यावर थांबला. झेब्रा डॅनिओ प्रवाहात शिरून पोहतात. टेट्रा झाडीच्या आडोशाला थांबतात, म्हणून त्या बाजूला मी झाडे दाट ठेवली आहेत. लांब परांचा बेट्टा किंवा फुगीर गोल्डफिश असलेल्या टाकीत हा बदल करण्याचा सल्ला मी देणार नाही. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्यांनीही पृष्ठभाग फार खळबळू देऊ नये, कारण त्या लाटांबरोबर तो वायू निघून जातो.

आता दर महिन्याला पंप बाहेर काढतो, दांडा आणि रबरी टोप्या धुतो, जिभेची झीज पाहतो आणि इपॉक्सीच्या सांध्याला तडा गेला आहे का ते नखाने चाचपून मगच पंप पुन्हा लावतो. मूळ इम्पेलर आणि त्याचे घर टाकीखालच्या कपाटात जपून ठेवले आहे, म्हणजे जीभ किंवा सांधा दगा देईल त्या दिवशी पंप लगेच पूर्ववत करता येईल.