साडेबारा ते दोन, राखीव

आमच्याकडे कुठलाही प्लॅन कागदावर होत नाही, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर होतो. अण्णा पाकीट चारी बाजूंनी अलगद उकलतात, आतली कोरी बाजू वर घेतात आणि बाकी कोणाला काही सुचायच्या आत वर लिहून मोकळे, "रविवार. मुंबई. प्रस्थान ५." मग खाली रकाने. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली पण माणसाचं शेड्यूल काही गेलं नाही.

तसं बघायला गेलं तर नाशिकच्या माणसाने मुंबईला कार काढणं हाच मुळात शहाणपणा नाही. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला पंचवटीत बसायचं, दुपारच्या आत सीएसएमटी, संध्याकाळी त्याच गाडीने परत, पास काढून वर्षानुवर्षं रोज हे करणारे लोक आहेत आमच्याकडे. पण आईचे गुडघे, लेकीची उलटी, बायकोच्या पिशव्या आणि माझी नवी (म्हणजे सेकंडहँड, पण आम्हाला नवीच) गाडी असं सगळं एकत्र आलं आणि यावेळी कारनेच असं ठरलं.

तर पहिला वाद रस्त्याचा. ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाल्यापासून नाशिककर भलताच खूश आहे, कारण कसारा घाट टळतो. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, सरळ आत शिरायचं आणि पलीकडे निघायचं, ट्रकच्या मागे सेकंड गिअरवर घुरघुरत बसणं बंद. मी हे सगळं कौतुकाने सांगत होतो तर आई एवढंच म्हणाली, "आणि घाटनदेवी?"

आता हिच्यावर उत्तर नाही. घाट उतरायच्या आधी घाटनदेवीला नमस्कार करायचा ही आमच्याकडची तीन पिढ्यांची रीत आहे, ज्यांचा देवाधर्माशी संबंध नाही तेही तिथे स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावतात. मी म्हटलं बोगद्यातूनच हात जोडू, तर आईने असं काही बघितलं की अण्णांनी निमूटपणे लिहिलं, "६.१० घाटनदेवी, मग मागे येऊन समृद्धी." म्हणजे घाट टाळायला घाटापर्यंत जायचं आणि परत यायचं. असो. तसंही आमण्याला उतरलं की पुढे भिवंडी, माजिवडा हे आहेच, तिथे समृद्धीवर वाचवलेली सगळी मिनिटं व्याजासकट परत द्यावी लागतात.

दुसरा वाद जागांचा, आणि हा तीन दिवस चालला. लेकीला राणीबागेतले पेंग्विन. बायकोला दादर, त्यातही हिंदमाता, साड्या. आईला सिद्धिविनायक. मला मरीन ड्राइव्हला कट्ट्यावर पाय सोडून अर्धा तास नुसतं बसायचंय, पण हे मी बोललोच नाही, कारण नुसतं बसायला एवढ्या लांब कशाला, गच्चीत बस की, हे उत्तर मला पाठ आहे. आणि अण्णांना घारापुरी. शाळेच्या सहलीत गेले होते, तेव्हा समुद्र लागल्यामुळे लेणी बघायच्या ऐवजी पायरीवर डोकं धरून बसले होते, ते राहिलंय म्हणे.

एका दिवसात हे होत नाही हे पाचही जणांना पहिल्या मिनिटाला कळलेलं असतं तरी पहिलं कोण माघार घेतो याची सगळे वाट बघत असतात. गेटवेवरून लाँचने जायलाच तासभर लागतो, यायला तेवढाच, म्हणजे घारापुरी ठेवली तर दुसरं काहीच नाही. अण्णांचा चेहरा पडला. तेव्हा मला एक आठवलं. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं तो हत्ती आता बेटावर नाहीच! १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली, हत्ती पडून तुकडे झाले, मग ते तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये जोडून उभे केले, कुठे, तर राणीबागेला लागून, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. म्हटलं अण्णा, लेणी जाऊ द्या, हत्ती पेंग्विनच्या शेजारीच आहे, एका पार्किंगमध्ये दोन्ही. अण्णांनी चष्मा वर करून बघितलं आणि घारापुरीवर काट मारून लिहिलं, "हत्ती (१५ मि.)".

पार्किंग हा शब्द निघाला आणि तिसरा वाद सुरू. रविवारी राणीबागेजवळ गाडी लावणं म्हणजे लग्नात पहिल्या पंगतीत जागा मिळण्यासारखं आहे. साडेनऊला उघडते, पण गर्दी त्याच्या आधीपासून गेटवर. बायको म्हणाली गाडी ठाण्याला लावू आणि लोकलने भायखळ्याला जाऊ. आयडिया चांगली होती, पण रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दुपारच्या उन्हात दोन म्हाताऱ्यांना आणि एका पोरीला घेऊन प्लॅटफॉर्मवर कुठली लोकल कुठल्या ट्रॅकवर येतेय ते ऐकत बसायचं, त्यापेक्षा मग पंचवटी काय वाईट होती. यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "पार्किंगचं मी बघतो." काय बघणार, कसं बघणार, काही नाही.

आणि पाकिटावर आणखी एक ओळ होती जी पहिल्या दिवसापासून तिथे होती. "१२.३० ते २, राखीव." बायकोने हिंदमातासाठी मागितली, नाही मिळाली. लेकीने पेंग्विन परत बघायला मागितली, नाही. ट्रॅफिकसाठी आहे, म्हणाले. आईने सिद्धिविनायक "पुढच्या खेपेला" असं स्वतःच सोडून दिलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती, आई गणपती इतक्या सहज सोडत नाही.

काल शनिवार. आई तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होती, दशम्या झाल्या होत्या, लसणाची चटणी डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशव्या लेकीच्या सीटच्या खिशात. मी टायरमध्ये हवा भरून आलो. लालबागच्या आत्याला यातलं काही कळू द्यायचं नाही, स्टेटस टाकायचं तर परत इगतपुरी ओलांडल्यावर, हे मीच सगळ्यांना बजावलेलं, कारण आत्याकडे गेलं की दिवस संपला, ती उठू देत नाही. मुंबईत येऊन तोंड न दाखवता गेलात हे ऐकायची माझी तयारी होती, पुढे दिवाळीत ऐकलं असतं.

साडेआठला माझा फोन वाजला. आत्या.

"दादा फोन उचलत नाहीये, त्याला सांग, खालच्या गॅरेजवाल्याशी बोलून ठेवलंय. चाळीच्या गेटजवळ लाल बादली ठेवलीय, ती बाजूला करायची आणि गाडी लावायची. राणीबागेला टॅक्सीने जा, पाच मिनिटं लागतात. आणि साडेबाराच म्हणाला होता ना तो? वरण गार झालेलं त्याला चालत नाही."

मी आत गेलो. अण्णा चष्मा लावून पाकीट बघत होते, आई पुरी उलटत होती, दोघांपैकी एकानेही वर बघितलं नाही.