एक्स-रे नॉर्मल, गुडघा मात्र ऐकेना

जिना चढताना फारसं नाही, पण उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची. वंगण संपलंय, असं निदान नातेवाइकांनी आधीच करून टाकलं होतं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला, तो अगदी स्वच्छ आला. माझा चेहरा बघून त्यांनीच सांगितलं, "अहो, एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दिसतच नाही. दोन हाडांमधली फट बघून आम्ही अंदाज बांधतो. फट कमी दिसेपर्यंत बरीच झीज होऊन गेलेली असते." मग एमआरआयची चिठ्ठी हातात पडली.

कूर्चेत ना रक्तवाहिन्या, ना नसा. साधारण ६५ ते ८० टक्के पाणीच, बाकी मुख्यतः कोलाजेनचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन. एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनचे संकेत टिपतं, म्हणून हाडाऐवजी ही मऊ गोष्ट त्याला नीट दिसते.

सेंटरवर आधी लांबलचक फॉर्म: पेसमेकर, क्लिप, पूर्वीची ऑपरेशनं, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना सगळं उतरवलं. "काकू, ब्लाउजला सेफ्टी पिन?" टेक्निशियन मुलीने विचारलं आणि खरंच एक सापडली. गुडघ्याचं स्कॅन असल्याने पाय आधी आत जातात, डोकं बाहेरच राहतं. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी हे आधी ऐकलेलं बरं. गुडघा संकेत टिपणाऱ्या प्लॅस्टिकच्या कॉइलमध्ये, बाजूंना स्पंज, कानाला हेडफोन. पुढचा अर्धा तास ठकठक आणि घरघर. न हलणं हेच काय ते कष्टाचं काम, आणि नेमकी तेव्हाच पोटरीला खाज सुटते.

रिपोर्टमध्ये होतं : वाटीच्या आतल्या बाजूच्या कूर्चेला ग्रेड ३ ची चीर, खालच्या हाडात किंचित सूज, सांध्यात थोडं पाणी. 'ग्रेड ३' वाचून घरात सुतकी वातावरण. कॅन्सरच्या स्टेजसारखं काही नसतं हे, निव्वळ खोलीचं माप असतं. शून्य म्हणजे निरोगी. एकमध्ये पृष्ठभाग शाबूत पण आतला संकेत बदललेला. दोनमध्ये जाडीच्या निम्म्याहून कमी झीज. तीनमध्ये निम्म्याहून जास्त. चारमध्ये हाड उघडं. आउटरब्रिज या सर्जननी १९६१ मध्ये वाटीच्या कूर्चेसाठी मांडलेली श्रेणी थोडी बदलून इथे वापरतात.

फिल्मवर मला ओ की ठो कळलं नव्हतं. सीडी घेऊन गेले, ते बरं झालं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर गुडघ्याच्या चित्राचा एकेक काप सरकवत नेला. हाडातल्या चरबीचा संकेत दाबल्यामुळे हाड काळसर, सांध्यातलं पाणी पांढरंशुभ्र, मधे करडा पट्टा म्हणजे कूर्चा. एका कापात त्या करड्या पट्ट्यात केसाएवढी पांढरी रेघ शिरलेली दिसली. चिरेत पाणी गेलं होतं! मागच्या-पुढच्या दोन कापांतही तीच रेघ, म्हणून ती खरी.

टी-२ मॅपिंग या एमआरआयच्या जादा तपासणीबद्दलही मी विचारलं. कोलाजेनची वीण सैल होऊन पाणी वाढलं की टी-२, म्हणजे संकेत विरायला लागणारा वेळ, वाढतो, त्यामुळे पृष्ठभाग फाटण्याआधीचा बिघाड रंगीत नकाशात दिसू शकतो. पण चुंबकीय क्षेत्राशी तंतूंचा कोन साधारण ५५ अंशांचा झाला तर निरोगी कूर्चाही बिघडल्यासारखी भासते. माझी तर चीरच पडलेली, तेव्हा जादा पैसे घालून उपचार बदलणार नव्हते.

आणि एक गोष्ट मला रिपोर्टपेक्षाही महत्त्वाची वाटते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पन्नाशीपुढच्या ७१० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक्स-रेत संधिवात नसलेल्या या लोकांपैकी ८९ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये काही ना काही सापडलं, आणि गुडघा न दुखणाऱ्यांतही हे प्रमाण जवळपास तितकंच होतं. म्हणून डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी वाटी दाबून पाहिली, मला खुर्चीतून उठबस करायला लावली. दुखण्याची जागा आणि रेघेची जागा जुळली, तेव्हाच उपचार ठरले: मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, वजन थोडं कमी, उकिडवं बसणं बंद. ऑपरेशनचा विषयही निघाला नाही.

"पुन्हा एमआरआय कधी?" असं विचारलं, तर म्हणाले, "गुडघा अडकायला लागला किंवा सूज उतरेना, तर. नुसतं बघायला म्हणून नको."