सव्वा पट अक्षरं आणि ‘आई’ नावाची कमांड

रविवारी मेगाब्लॉक, वर पाऊस. दादरला जायचा बेत बारगळला आणि दोन आठवडे रेंगाळलेली स्क्रिप्ट एकदाची हातात घेतली.

आमच्याकडे लॅपटॉप एकच. दिवसभर माझा, रात्री जेवणं झाली की आईचा: ई-पेपर आणि भाचरांचे फोटो. ती बसली की सेटिंग्जमध्ये शिरून अक्षरं मोठी करायची, उठली की परत लहान. हे एका कळीवर आणायचं होतं.

कुठली सेटिंग बदलायची हे शोधायला माझी ठरलेली युक्ती आहे. एका टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘डीकॉन्फ वॉच /’ लावून ठेवायचं आणि ग्नोमच्या, म्हणजे माझ्या लिनक्स डेस्कटॉपच्या, सेटिंग्जमध्ये खुशाल बटणं दाबत बसायचं. डीकॉन्फ म्हणजे या सेटिंग्ज साठवणारा डेटाबेस. माऊसने केलेला प्रत्येक बदल ओळीओळीने समोर येतो. अक्षरांसाठी निघालं ‘टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर’. स्क्रिप्ट पाच ओळींची: जीसेटिंग्जने (सेटिंग वाचायची-बदलायची कमांड) किंमत वाचा, १.१ असेल तर १.० करा, नाहीतर १.१. फाइलचं नाव देवनागरीत ‘आई’. बॅशला (टर्मिनलात कमांड चालवणारा प्रोग्राम) त्याचं काही वावडं नाही, टर्मिनलात आई लिहिलं की चालते.

चालली, पण एकाच दिशेने. अक्षरं मोठी झाली ती झालीच, लहान होईनात. तासभर इफची अट उलटीपालटी करून बघितली. शेवटी किंमत छापून पाहिली तर १.१च्या जागी १.१००००००००००००००१! दशांश १.१ बायनरीत नेमका मावत नाही, आणि मी अक्षरशः मजकूर म्हणून तुलना करत होतो. ती जुळणार कशी? सव्वा मात्र नेमका बसतो, एक अधिक पाव. १.२५ ठेवलं आणि प्रश्न मिटला. ग्नोमचं स्वतःचं ‘मोठा मजकूर’ बटणही १.२५च ठेवतं. १.१चं शहाणपण माझंच. आईला तसंही ते बारीकच वाटत होतं.

पुढचा घोळ शॉर्टकटचा. आई टर्मिनल उघडणार नाही, तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-ए. ग्नोममध्ये आपल्या शॉर्टकट्सची एक यादी असते आणि यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर नाव, कमांड, कळ अशा तीन नोंदी. मी यादीत फक्त नवा पत्ता लिहिला. जीसेटिंग्ज सेट यादीत भर घालत नाही, आख्खी यादी बदलतं. माझे जुने चार शॉर्टकट गायब. नोंदी जागेवर होत्या, यादीतून नावं तेवढी उडाली होती, म्हणून निभावलं. आणि पत्त्याच्या शेवटचा स्लॅश विसरू नका. कमांडमध्ये पूर्ण पाथ द्या, तिथे टिल्ड (~, आपल्या होम फोल्डरची खूण) उलगडत नाही.

आता यादीला हात लावण्याआधी ‘डीकॉन्फ डंप /’ करून फाइल गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) टाकतो. डेटाबेस स्वतः बायनरी, त्याचा डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) बघून काही कळत नाही. डंप मात्र साधा मजकूर.

फाँटचं काम पाच मिनिटांत झालं. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ने मराठी येणारे सगळे फाँट दाखवले, त्यातला मुक्ता लावला. आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा, मोफत, आणि जोडाक्षरं लहान आकारातही गिचमिड होत नाहीत.

संध्याकाळी आपोआप गडद रंग करणारी जुनी स्क्रिप्टही मार्गी लागली. हाताने चालवली की चालायची, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) नाही, आणि डेस्कटॉपवर त्याची कुरकुरही नाही. क्रॉनला आपल्या सेशनच्या डीबसचा (प्रोग्रामांनी आपसात बोलायची वाट) पत्ताच माहीत नसतो. तो पत्ता व्हेरिएबलमधून हाताने देता येतो, पण मी सरळ सिस्टमडीचा युजर टायमर (लिनक्समधलाच, आपल्या खात्यापुरता चालणारा गजर) लावला. वेळ सातची ठेवली आहे, जी जुलैत लवकर आणि नोव्हेंबरात उशिरा ठरते. मुंबईत सूर्यास्त सहा ते सव्वासात-साडेसातच्या दरम्यान सरकत राहतो. ते गणित पुढच्या खेपेला.

काल रात्री आईने पहिल्यांदा स्वतः कळ दाबली. “अक्षरं झाली रे मोठी, पण तो बाण कुठे हरवतो?” कर्सर-साइज २४वरून ३२ केली होती. आज ४८ करून बघतो.