तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या फोनवर मेल का येत नाही?

"फोनवर मेल चालू करून द्या की," आणि आठवड्याभरानं, "चालू केलाय, पण येईनाच की ओ." लोक मला सगळ्यात जास्त हेच दोन प्रश्न विचारतात. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे कारखाने आहेत, त्यांतल्या काही ऑफिसांचे कंप्युटर मी सांभाळतो. त्यामुळं गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभा असलो तरी कुणीतरी फोन पुढं करतंच. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज जरा बैजवार सांगतो.

माझा उलटा प्रश्न असतो: कुठला मेल? इथं बहुतेक जण अडतात. आपल्याकडं अकाउंट माणसाचं नसतं, फोनचं असतं. नवा फोन घेतला की दुकानातला पोरगा विचारतो, "काका, जुना पासवर्ड?" काकांना आठवत नाही, मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली, मग तो दोन मिनिटांत नवं जीमेल काढून देतो. नावापुढं कसलेतरी आकडे, आणि पासवर्ड म्हणून काकांचाच मोबाइल नंबर. पोराला बोलण्यात अर्थ नाही, त्याला फोन विकायचाय. पण बँकेला, विमा कंपनीला, जीएसटीला दिलेला पत्ता पहिल्या फोनच्या वेळचा आणि हातातल्या फोनवर चालू आहे तो चौथा. मेल येणार कुठून? तो येतोय, पण भलतीकडं.

म्हणून फोन बदलताना "क्रिएट अकाउंट"ला हातच लावू नका. जुनाच पत्ता घाला, पासवर्ड आठवत नसेल तर "फरगॉट पासवर्ड" दाबा. त्या अकाउंटला जोडलेलं सिम चालू असेल आणि जुना फोन अजून उघडत असेल तर काम सोपं होतं, कारण "हे तुम्हीच आहात का" ही विचारणा बऱ्याचदा जुन्या फोनवरच येते. जुना फोन एक्स्चेंजला देऊन मग माझ्याकडं आलात तर माझेही हात बांधलेले. आणि दोन वर्षं कुणी फिरकलंच नाही असं अकाउंट गूगल मेलसकट काढून टाकू शकतं. हा नियम डिसेंबर २०२३पासून लागू आहे.

आता सिंक, म्हणजे फोनवरचा मेल आणि मूळ साठा यांचा मेळ घालणं. त्यासाठी एकच गोष्ट डोक्यात पक्की करायची: मेल फोनमध्ये नसतो. माल गोडाऊनमध्ये असतो आणि दुकानात नमुने मांडलेले असतात, तसं हे आहे. गोडाऊन म्हणजे सर्व्हर, मेल देणाऱ्या कंपनीचा कंप्युटर; फोनवर दिसतात ते नमुने. फोनवरून अकाउंट काढलं म्हणून मेल जात नाहीत, परत घातलं की पुन्हा दिसतात. मात्र न गेलेला, आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल तेवढा फोनपुरताच असतो, तो आधी पाठवून घ्या. जीमेलचं ॲप सहसा शेवटच्या तीस दिवसांचेच मेल फोनवर उतरवून ठेवतं. रेंज नसताना त्याआधीचा मेल सापडला नाही तर घाबरू नका. आकडा वाढवायचा असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंट निवडून "डेज ऑफ मेल टू सिंक" बघा.

सिंक दोन्ही बाजूंनी चालतं, हे मात्र लोकांना पटत नाही. ओळखीचे एक मालक सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघाले होते. रेंज नव्हती, वेळ जात नव्हता, "फोन भरलाय" म्हणून त्यांनी बसल्याबसल्या जुने मेल पुसायला घेतले. बराच वेळ काहीच झालं नाही. पुढं कुठंतरी रेंज आली आणि इकडं ऑफिसात त्याच अकाउंटवर मुनीमजींच्या डोळ्यांदेखत ऑर्डरी गायब व्हायला लागल्या! त्यांना वाटलं व्हायरस शिरला, त्यांनी कंप्युटरची वायरच उपटली. मालकांचं म्हणणं एकच: "मी माझ्या फोनवरचे पुसले, ऑफिसचे कुठं पुसले?" सगळे मेल ट्रॅशमध्ये, म्हणजे कचरापेटीत होते, परत आणले. जीमेलचं ट्रॅश तीस दिवसांनी आपोआप रिकामं होतं, त्याच्या आत लक्षात यायला पाहिजे.

ह्याच्या उलट प्रकार कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावर होतो. तिथं अकाउंट घालताना फोन विचारतो, पॉप की आयमॅप? मेल सर्व्हरवरून फोनवर आणायच्या ह्या दोन पद्धती. पॉपचा जुना रिवाज म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून घ्यायचा आणि तिथला पुसायचा. एका कारखान्यात कुणीतरी असं करून गेलं होतं, सगळे मेल एका जुन्या कंप्युटरच्या पोटात आणि नव्या फोनवर इनबॉक्स कोरा. एकच मेल दोन-तीन ठिकाणी बघायचा असेल तर डोळे झाकून आयमॅप निवडा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो. ते फोनसाठी म्हणून आलेलं नाही, मार्क क्रिस्पिन ह्या प्रोग्रामरनं १९८६मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बनवलं. युझरनेमच्या जागी पूर्ण मेल पत्ता घाला. येणाऱ्या मेलला पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर म्हणा) ९९३, जाणाऱ्याला ४६५ किंवा ५८७. नक्की कुठला ते मेल देणाऱ्या कंपनीला विचारा. मेल येतो पण जात नाही, अशी तक्रार असेल तर जाणाऱ्या मेलच्या सेटिंगमध्ये लॉगिन घालायचं राहिलेलं असतं, नव्वद टक्के तेच.

आणि सगळं बरोबर असूनही मेल उशिरा येतो तेव्हा? आधी बॅटरी. काही फोन चार्जिंग वाचवायच्या नावाखाली मेलचं ॲप झोपवतात, ॲप उघडल्यावरच सगळे मेल धबाधबा पडतात. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये "अनरिस्ट्रिक्टेड" करा, अकाउंटचं सिंक चालू आहे का बघा आणि नेट वाचवणारा डेटा सेव्हर चालू नाही ना ते तपासा. मग जागा. गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो ह्या तिघांत मिळून असतात, अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरतात. ते भरले की मेल येणं-जाणं बंद. परदेशातल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर माघारी जाते, कारण जागा शुभ सकाळच्या फुलांनी अडवलेली. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, खरंच होतं.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात: त्यातल्या मूळच्या मेल ॲपमध्ये जीमेल घातलं तर ते ठरावीक वेळानं डोकावून येतं, म्हणून उशीर. घाई असेल तर जीमेलचं ॲप घ्या.

जुन्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून जीमेल जाईना झालं असेल तर त्याचं कारण वेगळं. ३० मे २०२२पासून गूगलनं नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत घेणं बंद करायला घेतलं. गूगल अकाउंटवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) चालू करून त्या सॉफ्टवेअरपुरता सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढायचा आणि तोच तिथं घालायचा.

एवढं करूनही जमलं नाही तर बोलवा, येतो. जुना फोन चार्ज करून ठेवा, सिम चालू आहे का बघा. पासवर्ड तुमच्या हातानं तुम्हीच टाकायचा, ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवायचा नाही. मलासुद्धा.