शेजारचा पोट्टा कॉलवर, आपल्या घरी ब्रेकर

विदर्भातल्या खेड्यात घराचं काम निघतं ते बहुधा एप्रिल-मेमध्येच. कापूस-तूर विकून हातात पैसा असतो आणि मृगाच्या आधी छत, फरशी उरकायची असते. नेमका तोच कूलरचा मोसम. शेजारचा पोट्टा घरूनच कंपनीचं काम करतो, लॅपटॉप घेऊन कूलरसमोर कॉलवर बसलेला. त्याला ‘खिडकी लावून घे’ म्हणणं सोपं आहे, पण खिडकी लावली की कूलरची हवा फिरत नाही. सोय आपल्यालाच करावी लागते.

आधी त्याची शिफ्ट विचारा. सकाळी लवकर तोडफोड उरकली की झालं, असं सगळे धरून चालतात. इंग्लंडच्या शिफ्टवाल्याला ते जमतं; तिथले सकाळचे 9 म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड. न्यूयॉर्कच्या वेळेवर काम करणारा मात्र पहाटे अडीचला सुटतो. त्याच्यासाठी सकाळी सातचा ब्रेकर, म्हणजे तोडफोडीचं मशीन, हा भर झोपेत घाव. त्याला दुपारी चारनंतरचे दोन तास चालतील. हे मिस्त्रीशी भाव ठरवतानाच बोलून घ्या. रोजीवाला थांबेल, पण ठेक्यावर आलेला मिस्त्री मधेच थांबायचे पैसे मागणार, आणि ते रास्तच आहे. रात्री 10 ते सकाळी 6 वस्तीत बांधकामाची आवाजी यंत्रं चालवायची नाहीत, हा तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतलाच भाग.

खरा त्रास सामायिक भिंतीचा. नऊ इंची विटांची भिंत बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवते, पण तिच्यावरच घाव घातला की ती पलीकडच्या खोलीत स्वतःच वाजते. गादी लावा, अंड्यांचे ट्रे चिकटवा, काही फरक पडत नाही. ट्रेने खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो. त्या भिंतीवर वायरिंगसाठी झिरी, म्हणजे पाइप दाबायची खाच, मारूच नका. वरून वायरी झाकणारी केसिंग-पट्टी घ्या, स्क्रूच्या गिट्टीची चार-सहा भोकं पडतात अन् विषय संपतो. चार इंची भिंत असेल तर आवाजापलीकडचंही कारण आहे. आडवी झिरी जाडीच्या सहाव्या भागाहून खोल नको, असा ठोकताळा आहे. म्हणजे पाऊण इंचसुद्धा नाही. त्यात पाऊण इंची पाइप बसत नाही, म्हणून मिस्त्री खोल मारतो आणि पलीकडचं प्लास्टर फुगतं. दुसऱ्या भिंतीत झिरी हवीच असेल तर कटरने दोन समांतर रेघा मारून मधला भाग छन्नी-हातोडीने काढा. कटर किंचाळतो, पण पाच मिनिटं. ब्रेकर तासभर धडधडतो.

फरशीत सगळ्यात जास्त आवाज वाचवता येतो. सरळ काप ग्राइंडरने कशाला? हाताने ओढायचा टाइल कटर जवळजवळ मुका असतो. दोन बाय दोनच्या टाइलला दोन फुटांहून लांब पट्टीचा कटर लागतो. चाकाची रेघ एकदाच, सारख्या दाबाने ओढायची. दुसऱ्यांदा ओढली की कड खडबडीत निघते, आणि मिस्त्री ‘हे काही कामाचं नाही’ म्हणून पुन्हा ग्राइंडर उचलतो. अर्ध्या इंचाहून बारीक पट्टी मात्र नीट तुटत नाही, आणि नळाच्या भोकांना, कोपऱ्याच्या एल-कापांना मशीनच लागते. असे तुकडे पेन्सिलने खुणा करून बाजूला ठेवा आणि ठरलेल्या वेळी एकदम कापा. ओट्याचा ग्रॅनाइट सिंकच्या मापासकट दुकानातूनच कापून आणा.

ग्राइंडर कुठे ठेवता हेही पाहा. शेजारच्या कूलरच्या बाजूला कोरडा काप मारला तर कूलर ती भुकटी सरळ आत ओढतो. कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे ओल्या गवती पडद्यांवर, पांढरा गिलावा अन् टाकीत चिखल! घराच्या दुसऱ्या बाजूला, पाणी सोडत कापा. सेंट्रिंगच्या प्लेटा वरून फेकू नका, दोराने उतरवा. स्लॅबच्या दिवशी मिक्सर-व्हायब्रेटरला इलाज नाही. तो दिवस आधी सांगा, म्हणजे त्याला सुट्टी टाकता येते किंवा तालुक्याला बसता येतं.

त्याच्याकडूनही थोडं होऊ शकतं. लॅपटॉपचा माइक टेबलाचा हादराही उचलतो, म्हणून तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट बरा. महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन त्याचे कान वाचवतात, समोरच्याचे नाही.

आवाजाच्या नादात वेल्डिंग विसरू नका. टिनाच्या शेडचं वेल्डिंग फार वाजत नाही, पण दोन्ही घरं एकाच फेजवर असतील तर दर ठिणगीला व्होल्टेज खाली जातं आणि त्याचा राउटर बंद-चालू होतो. राउटरला छोटा यूपीएस लावायला सांगा, नाहीतर वेल्डिंग त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा.