आरटीओएस निवडताना मी म्युटेक्सचे प्रकरण आधी वाचतो

औद्योगिक कंट्रोलरसाठी ठरलेल्या मुदतीत काम पार पाडण्यासाठी बनवलेली रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच आरटीओएस, निवडायची वेळ आली की चर्चा बहुधा एका टास्ककडून (प्रोग्राममधल्या एका स्वतंत्र कामाकडून) दुसऱ्या टास्ककडे जाण्यास किती मायक्रोसेकंद लागतात या आकड्यावर येते. नियंत्रणाचे चक्र दर १० मिलिसेकंदांनी चालणार असेल, तर आजच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर या आकड्यातील फरकाने काहीही बिघडत नाही. यंत्र थांबते ते क्वचित येणाऱ्या सर्वांत वाईट क्षणी, आणि म्हणून मी कर्नेलच्या, म्हणजे आरटीओएसच्या गाभ्याच्या, दस्तऐवजात म्युटेक्सचे, म्हणजे सामायिक साधन एका वेळी एकाच टास्कला वापरू देणाऱ्या कुलुपाचे, प्रकरण आधी उघडतो.

ही सवय मला एका पॅकिंग यंत्राने लावली. त्याचा कंट्रोलर एका पाळीत दोनतीनदा आपोआप रिसेट होत असे. सेन्सर वाचणारा टास्क सर्वांत वरच्या प्राधान्याचा, मॉडबस, म्हणजे इतर यंत्रांशी होणारा संवाद, सांभाळणारा मधला आणि फ्लॅश मेमरीमध्ये नोंदी लिहिणारा सर्वांत खालचा होता. सेन्सर आणि फ्लॅश एकाच एसपीआय बसवर, म्हणजे चिप जोडणाऱ्या सामायिक तारांवर, होते. खालच्या टास्कने बस धरून ठेवलेली असतानाच मॉडबसची वर्दळ वाढली, की मधला टास्क त्याला चालूच देत नसे, आणि त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा टास्क बस मोकळी होण्याची वाट पाहत राही, तो थेट वॉचडॉगने, म्हणजे अडकलेला कंट्रोलर पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने, रिसेट करेपर्यंत. आम्ही फ्रीआरटीओएस ही आरटीओएस वापरत होतो आणि बसच्या रक्षणासाठी म्युटेक्सऐवजी बायनरी सेमाफोर, म्हणजे दोनच स्थितींचा साधा संकेत, घेतला होता. फ्रीआरटीओएसमध्ये प्राधान्याचा वारसा, म्हणजे साधन धरून बसलेल्या खालच्या टास्कला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते देण्याची सोय, म्युटेक्सला मिळतो, बायनरी सेमाफोरला मिळत नाही, आणि आमची चूक नेमकी तिथे होती. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हा पुन्हा रिसेट होत होता. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही आरटीओएस होती, त्यात वारशाची सोय होती, परंतु ती चालू केलेली नव्हती, आणि अखेरीस ती पृथ्वीवरून चालू करावी लागली.

या एका मुद्द्यावरही कर्नेलांचे स्वभाव वेगळे दिसतात. व्हीएक्सवर्क्समध्ये म्युटेक्स तयार करताना ही सोय स्वतंत्रपणे मागावी लागते, तर थ्रेडएक्स या दुसऱ्या आरटीओएसमध्ये ती हवी की नको हे दर वेळी सांगावेच लागते, आणि विचार करायला भाग पाडणारी ही पद्धत मला अधिक आवडते. झेफिर या आणखी एका आरटीओएसच्या म्युटेक्समध्ये वारसा मुळातच असतो. मात्र एकच टास्क एका वेळी अनेक म्युटेक्स धरत असेल, तर फ्रीआरटीओएस आणि झेफिर या दोन्हींमधली व्यवस्था साधी आहे, त्यामुळे एका वेळी एकच म्युटेक्स धरण्याची शिस्त आपणच पाळलेली बरी. कोड एका कर्नेलवरून दुसऱ्यावर नेताना आणखी एक सापळा असतो: फ्रीआरटीओएसमध्ये मोठा अंक म्हणजे वरचे प्राधान्य, तर थ्रेडएक्स, व्हीएक्सवर्क्स आणि झेफिर यांत लहान अंक वरचा.

कंट्रोलर कारखान्यात पंधरा वर्षे चालणार असल्याने परवान्याकडेही पाहावे लागते. थ्रेडएक्स २०१९ साली मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि नंतर एक्लिप्स फाउंडेशनकडे आले. आता ते एमआयटी परवान्याखाली मिळते, फ्रीआरटीओएसही तसेच, आणि झेफिर अपाची २.० खाली. लिनक्सला रिअल-टाइम बनवणारा प्रीएम्प्ट-आरटी हा भाग २०२४ साली त्याच्या मुख्य कर्नेलमध्ये सामावला गेला, त्यामुळे मोठ्या प्रोसेसरवरच्या कंट्रोलरसाठी तोही पर्याय गंभीरपणे पाहण्याजोगा झाला आहे; लहान मायक्रोकंट्रोलरवर त्याचा प्रश्न येत नाही.

हातात असलेल्या नव्या बोर्डावर इथरनेट आहे आणि पुढे चिप बदलण्याची शक्यता आहे, म्हणून झेफिर निवडले. त्यातली डिव्हाइस-ट्री शिकण्यात बराच वेळ गेला, परंतु तिच्यामुळे हार्डवेअरचे वर्णन मुख्य कोडपासून वेगळे राहते हा लाभ मला त्याहून मोलाचा वाटतो. सध्या वरच्या टास्कच्या सुरुवातीला एक पिन वरखाली करून, मॉडबसवर मुद्दाम विनंत्यांचा भडिमार करत, ऑसिलोस्कोपवर त्या पिनवरच्या सिग्नलच्या कडा वेळेत किती सरकतात ते पाहतो आहे, आणि फ्लॅशमध्ये लिहिणारा टास्क या काळात एकदाही बंद ठेवलेला नाही.