सुपरव्हिजनला जाताना वहीत काय असावं

इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन (आयसीएफ) या व्यावसायिक कोचच्या जागतिक संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी १० तासांचं मेंटर कोचिंग लागतं, तिथे आपलं कौशल्य तपासलं जातं. कोचिंग सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे कोच आपल्या कामाविषयी सुपरव्हायझरशी बोलतो त्या बैठकीत, मात्र तपासायचा असतो कोच. हे डोक्यात नीट बसलेलं नव्हतं, तोवर मी क्लायंटची हकीकत घेऊन जायचो आणि तासातली चाळीस मिनिटं ती सांगण्यातच जायची. सुपरव्हिजनमध्ये कुठे कुठे बघायचं ते सांगणाऱ्या, हॉकिन्स आणि शोहेत यांच्या सात डोळ्यांच्या मॉडेलमध्ये क्लायंटकडे बघणारा एकच डोळा आहे. चौथा डोळा कोचच्या आत बघतो, आणि तिथली सामग्री आपण आणली नसेल तर सुपरव्हायझर तरी काय करणार?

ती सामग्री सेशन संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कागदावर यायला हवी. रात्री लिहायला बसलं की आपण शहाणे झालेलो असतो आणि वहीत उतरतो तो खुलासा. म्हणून दोन सेशन्समध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवतो. पहिली तीन मिनिटं नुसतं बसणं: श्वास, खांदे, जबडा, पोट. (इगतपुरीला विपश्यनेत दहा दिवस बसून आलेल्यांना हे पोरखेळ वाटेल. पण इथे साधना करायची नसते, सेशनमधलं अंगात काय उरलंय ते पाहायचं असतं.) मग तीन ओळी, याच क्रमाने: काय घडलं, अंगात काय झालं, मी काय केलं. ‘का’ लिहायचं नाही.

उदाहरणार्थ: “विसाव्या मिनिटाला ती गप्प झाली. माझा जबडा आवळला. मी लगेच पर्याय सुचवला.” ‘क्लायंट टाळाटाळ करते’ असं लिहिलं असतं, तर जबडा हातून निसटला असता. अशा चार-पाच नोंदी शेजारी ठेवल्या की शांतता कोणाला सोसत नाही ते दिसतं. सुपरव्हिजनला न्यायचा प्रश्न तोच, एका वाक्यात. क्लायंटचं नाव, कंपनी, हुद्दा वहीत नसतोच.

ईएमसीसी (युरोपियन मेंटरिंग अँड कोचिंग कौन्सिल) या कोचच्या दुसऱ्या संघटनेच्या हिशेबाने कोचिंगच्या दर ३५ तासांमागे सुपरव्हिजनचा किमान एक तास, आणि तिमाहीत एक तरी. वर्षअखेरीस सगळे तास उरकले तर जुन्या नोंदी थंड झालेल्या असतात.

एक गोष्ट वहीत सापडत नाही. क्लायंटची घाई आपल्यात शिरते आणि आपण सुपरव्हायझरसमोरही भरभर बोलू लागतो. ते त्यांनाच दिसतं. “आत्ता श्वास कुठे आहे?” असं त्यांनी विचारलं की मी वही मिटतो.